भरपाई झाली, पण मालकांची

प्रश्न : ताई, माझा नातू लंडनला शिकतो. गुलामगिरीची नुकसानभरपाई आज द्यावी का, यावर त्याच्या वर्गात मोठा वाद झाला म्हणे. राबवणारे गेले, राबणारेही गेले. आता पैसे कोणी कोणाला द्यायचे? आमचं घराणं खोतांचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं. या न्यायाने उद्या आमची जमीन कसणारी जुनी कुळंही दारात उभी राहतील की!
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : काका, भरपाई एकदा दिली गेली आहे, हे नातवाला जरूर सांगा. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी बंद करणारा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंड मंजूर केले. ते मिळाले मालकांना, 'मालमत्ता' गेली म्हणून! सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के रक्कम ती. सुटलेल्या आठेक लाख माणसांच्या हातावर एक पेनीही पडली नाही. उलट 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावं लागलं. या भरपाईसाठी काढलेलं कर्ज पुरतं फिटलं ते २०१५ मध्ये. म्हणजे वेस्ट इंडीजमधून येऊन लंडनमध्ये बस चालवणाऱ्या, इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या गुलामांच्या वंशजांच्या करातूनही ते फेडलं गेलं. मालकांचं देणं १८० वर्षं चालू राहतं आणि राबणाऱ्यांचं तेवढं जुनं झालं म्हणून सोडून द्यायचं, हे मला मुळीच मान्य नाही.

हैतीचं याहून वाईट झालं. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला, तर १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ते ९ कोटींवर आले. पण त्यापायी झालेली कर्जं तो देश १९४७ पर्यंत फेडत होता.

द्यायचे ते सरकारांनी, बँकांनी, चर्चनी. माणसं मरतात, संस्था राहतात आणि त्यांच्या वह्याही राहतात. कॅरिबियन देशांनी २०१४ मध्ये दहा कलमी मागणी मांडली. तीत जाहीर माफी आहे, आरोग्य, शिक्षण, कर्जमाफी आहे. घरटी पैसे वाटण्यापेक्षा मला हा रस्ता बरा वाटतो. कोणाची वंशावळ कुठवर शोधायची, हा गुंता आहेच. पण हिशेब अवघड म्हणून देणं बुडत नाही.

आता तुमच्या कुळांचं. खोती म्हणजे गुलामगिरी नव्हे, कुळाला कोणी बाजारात विकत नव्हतं. पण वेठ होती, अर्धेलीचं भात खोताच्या कणगीत जात होतं. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कूळ कसत्या जमिनीचं मालक ठरलं, तेही मालकाला किंमत मोजून. इथेही पैसे राबणाऱ्यानेच भरले! महसूल खात्यातल्या नोकरीत गुहागरकडे मी असे कागद पुष्कळ पाहिले : किंमत भरल्याचं त्या कायद्याच्या '३२ म' कलमाचं प्रमाणपत्र ट्रंकेत घडीवर फाटत आलेलं, आणि सातबाऱ्यावर नावं अजून जुन्या मालकाच्या मुंबईकर वारसांची.

कुळं दारात आली तर यासाठीच येतील. त्याआधी तुम्हीच घराण्याचे सगळे सातबारे काढा, 'इतर हक्क' या रकान्यात कोणाची नावं पडून आहेत ते बघा. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस आली तर हरकत घेऊ नका, आणि मुंबईच्या भावंडांनाही घेऊ देऊ नका.