रिपोर्ट सारे चांगले, मग माय खंगते कशी?

"रिपोर्ट चांगले हायेत म्हणते डॉक्टर. वय झालं म्हणते सारे. मंग माय अशी खंगून काहून रायली?" हा प्रश्न माझ्या टेबलासमोर महिन्यातून चार-पाचदा तरी येतो. त्याला जोडूनच दुसरा येतो: आता तिला आराम द्यायचा की हातपाय हलवायला लावायचे? मी एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून बसते. याच प्रश्नाची एक गोष्ट दोघी सासवा-सुनांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

फेब्रुवारीतली सकाळ होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका खेड्यातून थोरला मुलगा आईला मोटरसायकलवर घेऊन आला होता. मागे सूनबाई बसलेली, मधे माय धरलेली. आजींचं वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. गेल्या एप्रिलमध्ये धाकट्याने त्यांना नागपूरला नेलं, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. चार महिने राहून पोळ्याला त्या गावी परतल्या. तेव्हापासून दोघा भावांत फोनवर एकच वाद. धाकटा म्हणतो, गावात हाल होतात म्हणून खंगली. थोरला म्हणतो, शहरात कोंडून ठेवली म्हणून खंगली.

मी आजींच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा ब्लाउजच्या शिवणीपाशी काहीतरी जाडसर लागलं. सूनबाईंनी आतून उलटून दाखवलं. एकाशेजारी एक अशा तीन टिपा, तीन वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांच्या. "पोळ्याले एक मारली, दिवाळीले एक, संक्रांतीले एक," त्या म्हणाल्या. घरात वजनकाटा नव्हता, पण महिन्यांचा हिशेब त्या शिवणीत होता. पहिली टीप नागपूरच्या खात्यावर, पुढच्या दोन गावाच्या. भावांच्या वादाला याहून सरळ उत्तर मला सुचलं नसतं.

थोरल्याच्या पिशवीत नागपूरची फाईल होती. साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सगळं ठीक. कोपऱ्यात एप्रिलमधलं वजन लिहिलेलं: ४६ किलो. आमच्या काट्यावर भरलं ४१. फाईल तीन दवाखाने फिरली होती, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते.

आपण याला खंगणं म्हणतो, अंगातलं बळ सरणं म्हणतो. वैद्यकात याला फ्रेल्टी म्हणतात. अमेरिकेतल्या डॉक्टर लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तिच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वर्षभरात वजन उतरणं, सततचा थकवा, मुठीतली ताकद कमी होणं, चाल मंदावणं आणि हालचाल घटणं. एखाद-दोन असल्या तर सावध व्हायचं, तीन किंवा जास्त असल्या की फ्रेल्टी धरायची. वय ही त्यातली खूण नाही, हे मी घरच्यांना दोनदा सांगते. ऐंशीचा माणूस काटक असू शकतो आणि पंचावन्नची बाई पार गळालेली असू शकते. फ्रेल्टी आलेल्या माणसाला साधा ताप किंवा मोरीत घसरणं इतकं महाग पडतं, की तो महिनाभर उठत नाही. म्हणून ती वेळेत ओळखायची. बऱ्याच अंशी ती मागे फिरवता येते.

आजींना हातांची घडी छातीवर घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला सांगितलं. बावीस सेकंद लागले. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर शरीराची क्षमता उतरली असं धरतात. व्हरांड्यात मोजलेले सहा मीटर चालायला नऊ सेकंद लागले, तेही सहाच्या आत व्हायला हवे होते.

मग मी विचारलं, दिवसभर काय करता?

"बसल्या जागी खातो बाई," आजी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. "मले कामच नाही उरलं."

थोरला घाईने म्हणाला, "तिनं जनमभर निंदण केलं, कापूस वेचला म्याडम. आता मी तिले पाण्याचा गिलासही उचलू देत नाही."

त्याच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पण आजींची बाज ओसरीत, चहा बाजेवर, ताट बाजेवर. त्या दिवसातून उठत किती वेळा, तर लघवीला, चार-पाचदा. नागपुरात तेवढंही नव्हतं. संडास खोलीला लागून आणि जिना उतरायची भीती. न वापरलेला स्नायू म्हातारपणी फार लवकर झडतो. दोन्ही मुलांनी आपापल्या जागी प्रेमाने एकच गोष्ट केली होती: आईला बसवून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट ताटातली. पुढचे दात पडलेले, म्हणून भाकरी सुटली. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात आणि वरचं पातळ वरण, रात्री पुन्हा चहात बुडवलेली पोळी. वयस्कर माणसाला किलोमागे साधारण १ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे आजींना ४० च्या आसपास. त्यांच्या पोटात त्याच्या निम्मी तरी जात होती का, कोण जाणे. आणि घरात तुरीचं पोतं होतं! वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम मिळतात, मोठा पेलाभर दुधात जवळपास तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांच्या कुटात तेवढीच. आजी माळकरी, म्हणून अंड्याचा विषय काढलाच नाही.

तिसरी गोष्ट सांगताना मला राग आवरावा लागतो. दर पंधरा दिवसांनी बाजाराच्या गावात नेऊन आजींना "ताकदीची बाटली" लावली जात होती. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. बाकी पाणी. शरीरात पाणी कमी पडलं असेल, तोंडाने घेता येत नसेल, तर सलाईन जीव वाचवतं. पण त्याने स्नायू वाढत नाहीत. एका बाटलीचे पैसे आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल, यात महिन्याचं दूध येतं. हा हिशेब थोरल्याने स्वतःच माझ्या कागदावर मांडला आणि बराच वेळ गप्प बसला.

वजन असं उतरतं तेव्हा आधी डॉक्टर, मग व्यायाम. हा क्रम कुणी उलटा करू नये. टीबी, थायरॉइड, साखर, कुठे गाठ, मनाची उदासी, यातलं काहीही मागे दडलेलं असू शकतं. आमच्या डॉक्टरांनी तपासलं. हिमोग्लोबिन ९.६ निघालं, म्हणजे कमीच. नागपुरात सुरू झालेली झोपेची गोळी अजून चालूच होती. तिच्यामुळे सकाळी तोल जायचा. ती हळूहळू कमी करत बंद केली. बाकी काही निघालं नाही. आजोबा गेल्यापासूनचं दुःख होतं, त्यावर आम्ही दोघी तीन वेळा एकट्या बसलो. ते इथे लिहीत नाही.

आजींना काय हवंय, हे मी शेवटी विचारलं, खरं तर आधी विचारायला हवं. त्या म्हणाल्या, संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जायचंय. देऊळ शंभर पावलांवर, पण मधे नाली आहे आणि खाली बसलं की उठता येत नाही. मग सगळं त्या शंभर पावलांसाठी ठरवलं. चौकटीला धरून खुर्चीतून उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच वेळा, मग दहा. टाचा उचलणं. लिटरभर पाण्याची बाटली वर-खाली करणं. नालीवर थोरल्याने फरशी टाकली, देवळात एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. लसूण सोलायला, तूर निवडायला बसवू नका, असं मी मुद्दाम सांगितलं. उठायला लावणारं काम द्या: शेळीला चारा टाकणं, तुळशीला पाणी.

त्याच दिवशी, सासूला धीर यावा म्हणून, सूनबाईंना म्हटलं, तुम्हीही पाच वेळा उठा बरं. वय सत्तेचाळीस.

"मी तं रोज वावरात जातो. मले काय धाड भरली?" त्या हसत म्हणाल्या. चौदा सेकंद लागले. पाचव्या वेळी हात मांडीवर टेकला. हिमोग्लोबिन ८.४, सासूपेक्षाही कमी.

शेतात राबणाऱ्याला बळ असणारच, ही आपल्याकडची समजूत फार जुनी आहे. बारा तास वाकून वेचणी करणं म्हणजे झिजणं. त्याने ताकद तेव्हाच वाढते, जेव्हा मागे पोटभर अन्न आणि झोप असते. सूनबाई सगळ्यांत शेवटी जेवायच्या, उरलेल्या वरणावर. भारतात २०१७-१८ मध्ये वार्धक्याची जी मोठी देशव्यापी पाहणी झाली, तिने माणसं पंचेचाळिशीपासूनच घेतली, ते उगाच नाही. फ्लॅटमध्ये माणूस बसून झडतो, वावरात उपाशी राबून झडतो, आणि दोन्ही घरी "वय झालं" एवढंच म्हणतात.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर वजन लिहून ठेवा, महिन्यातून एकदा, कॅलेंडरवरच. गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात काटा असतो. आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांना चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला मदत लागते का, हे विचारलेलं असतं. तिथे "काही नाही" म्हणून मोकळे होऊ नका. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आजींचं सरळ चढत गेलं नाही. मे महिन्यात ऊन पंचेचाळिशीला टेकलं, चालणं बंद पडलं. जूनमध्ये ताप आला आणि तीन आठवडे पुन्हा बाज. तरी दिवाळीआधी आल्या तेव्हा काटा ४३ दाखवत होता आणि पाच वेळा उठायला सोळा सेकंद लागले. प्रार्थनेला काठी घेऊन जातात. मी ब्लाउजकडे पाहिलं तर म्हणाल्या, "टीप उसवली नाही अजून. पण चौथी नाही मारली." धाकट्याचा फोन आता आठवड्यातून दोनदा येतो, किती वेळा उठलीस हे विचारायला.

सूनबाई मात्र त्या दिवशी आल्या नाहीत. लोहाच्या गोळ्या दोन महिने घेतल्या आणि सोडल्या. फेरतपासणीची तारीख वेचणीत गेली. आशाताईंना मी सांगून ठेवलंय, रविवारी संध्याकाळी, वावरातून परतल्यावर, त्यांच्या घरी जायचं.