मलावीला कपडे नकोत, हापशाचं बघा

प्रश्न : सलाम ताई. आमची चर्चची मंडळी जालना जिल्ह्यातली, छोटीच. आमच्यातलीच एक पोरगी आफ्रिकेतल्या मलावीत मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे, ती सुट्टीवर आली तेव्हा २०२३ च्या फ्रेडी वादळानं तिकडं कशी वाट लावली अन् बाया पाण्यासाठी किती चालतात ते तिनं चर्चमध्ये सांगितलं, सगळे रडले. मग यंदा सुगीच्या सणाचा लिलाव मलावीसाठीच केला, एक भोपळा तर २१०० ला गेला! १ लाख ८६ हजार जमले, ट्रस्टच्या खात्यात पडून आहेत. तरुण संघ म्हणतो जुने कपडे पण पाठवू. पाळकसाहेब म्हणतात एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी) लागतं. सुरुवात कुठून करावी?
– पास्टरेट कमिटीचा एक मेंबर

उत्तर : सलाम दादा. भोपळा कोणी घेतला ते पण लिहायचं ना!

आधी पाळकसाहेबांचा घोळ मिटवू. एफसीआरए बाहेरून पैसा *घ्यायला* लागतं, तुम्हाला तर द्यायचाय. खरी अडचण दुसरीच, ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर त्यावर आयकराची सूट मिळत नाही, सीबीडीटीची (आयकर खात्याच्या वरच्या मंडळाची) खास मंजुरी असेल तरच, अन् ट्रस्ट डीडमधे परदेशातलं काम बसतं का हेही बघावं लागतं. म्हणून ते १ लाख ८६ हजार हलवायच्या आधी ट्रस्टची कामं करणाऱ्या सीएकडं जा. आणि हो, मलावीच्या नावानं घेतलेला पैसा गुपचूप चर्चच्या पत्र्याला लावू नका, काही बदलायचं तर भर सभेत ठराव घ्या.

पुढच्या वेळी सोपं करा. ज्याला द्यायचं त्यानं स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर, बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरून तिकडच्या दवाखान्याला थेट पाठवायचं. रिझर्व्ह बँकेच्या या योजनेला एलआरएस म्हणतात, वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत चालतं (आपल्या मंडळीला पुरेल!), पण हे फक्त व्यक्तीला, ट्रस्टला नाही. ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकराची सूट यात मिळणार नाही, ते आधीच सांगून टाका नाहीतर मार्चमधे भांडणं. आणि सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करून तर बिलकुल नको.

कपडे नकोच. भाड्यात अन् कस्टममधे जेवढा पैसा जाईल तेवढ्यात तिकडं नवे येतील.

आता माझ्या मनातलं. ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चमधले नारायण शेषाद्री, ज्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्याच चर्चची माणसं १८७५ ला मलावीच्या सरोवरावर गेली, म्हणजे नातं जुनंच आहे. आणि पाण्याचं म्हणाल तर हापसा ही आपलीच विद्या, आधी मिशनच्या लोकांनी केलेला जालना पंप, त्यावरून सोलापूरचा, त्यावरून इंडिया मार्क टू, जो आज आपल्या गावोगाव आहे. मलावीत अफ्रिदेव नावाचा हापसा जास्त, तो मुद्दामच असा बनवलाय की गावातल्या बाया एका पान्यानं खोलून दुरुस्त करतील. पण सील अन् बुश हे आतले भाग झिजतात, नवं वेळेवर मिळत नाही, मग हापसा तसाच बंद, आपल्याकडं नाही का शाळेजवळचा वर्षभर बंद असतो, फक्त पोरं दांड्याला लटकतात.

म्हणून नवी बोअर मारून पाटी लावायचं डोक्यातून काढा. त्या पोरीला आजच व्हॉट्सॲप करा, दवाखान्याच्या आसपास बंद हापसे किती, सील कोणत्या दुकानात मिळतं, अन् पाना कोणाच्या घरी असतो.