पत्रात खुशाली, रोजनिशीत लढाई

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले होते. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची १९४४-४५ मधली पत्रे आणि एक लहान रोजनिशी सापडली. एप्रिल १९४५ च्या रोजनिशीत ९ तारखेला नदी ओलांडल्याची, विमानांची आणि दोन सोबती गेल्याची नोंद आहे. त्याच आठवड्यातल्या पत्रात मात्र सर्व खुशाल असल्याचे कळवून मनीऑर्डर पोहोचली का आणि बैल विकला का, एवढेच विचारले आहे. यातले खरे कोणते मानावे? हे कागद सांभाळावेत कसे?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : रोजनिशी खरी आणि पत्र म्हणजे घरच्यांची समजूत, अशी विभागणी आपण करू नये. पत्र लिहिताना आजोबांच्या मनासमोर केवळ आपल्या पणजी नव्हत्या. पलटणीतला अधिकारी ते वाचणार होता, पुढे लष्करी डाकेच्या तळावर सेन्सॉर ते उघडू शकत होता, आणि गावी पोहोचल्यावर बहुधा शाळामास्तर किंवा शेजारचा एखादा शिकलेला मुलगा ते साऱ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवणार होता. ठिकाणाचे नाव, पलटणीच्या हालचाली आणि मेलेल्या-जखमींची संख्या लिहिण्यास तर मनाईच होती. एवढ्या वाचकांपुढे ‘इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावे’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मायना फार उपयोगी पडला असणार, कारण त्यात खोटे काही नाही आणि सांगितलेलेही काही नाही.

म्हणून पत्रात लढाई शोधण्याऐवजी घर शोधावे. मनीऑर्डर, बैल, पाऊसपाणी, कोणाचे लग्न ठरले, धान्याचे भाव काय चालले आहेत, ही यादी माझ्या मते रोजनिशीतल्या नोंदींइतकीच महत्त्वाची आहे. मध्यपूर्वेतील भारतीय सैनिकांच्या पत्रांवरून सेन्सॉर कचेरी पंधरवड्याला सारांश तयार करत असे. तेही आज उपलब्ध आहेत आणि त्यांत महागाईची आणि घरच्या उपासमारीची चिंता, विशेषतः १९४३ मध्ये, सतत डोकावते. सरकारला जवानाच्या मनोधैर्याची काळजी होती आणि जवानाला घरातल्या कणगीची. कोणत्या महिन्यात कोणता प्रश्न पुनःपुन्हा विचारला आहे, हे आपण तारीखवार मांडून पाहावे.

नोंदीतली नदी बहुधा सेनिओ असावी. ९ एप्रिल १९४५ रोजी दुपारी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी आणि नंतर तोफखान्याने या नदीच्या उंच बांधांवरील जर्मन ठाण्यांवर मारा केला आणि संध्याकाळी ब्रिटिश आठव्या आर्मीने, तिच्यातील आठव्या भारतीय डिव्हिजनसह, नदी ओलांडण्यास सुरुवात केली. याच दिवशीच्या पराक्रमासाठी पहिल्या मराठा बटालियनच्या नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. आजोबांची बटालियन तीच होती की दुसरी, हे गृहीत धरू नये. तिसरी मराठा बटालियनही इटलीत होती आणि जुलै १९४४ मध्ये तिच्यातील यशवंत घाडगे यांना टायबर खोऱ्यात मरणोत्तर हाच सन्मान मिळाला. बटालियनचा आकडा आजोबांच्या पत्त्यात, नावापुढील क्रमांक आणि हुद्द्याच्या जवळपास सापडेल. गावाच्या जागी ‘सी. एम. एफ.’ एवढेच असेल, तर ती मध्य भूमध्य समुद्रातील फौज, म्हणजे इटलीची आघाडी, असे समजावे. लिफाफ्यावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्काही तितकाच मोलाचा आहे, म्हणून तिकिटासाठी लिफाफे मागणाऱ्या नातेवाइकांना कृपया नम्रपणे नकार द्यावा.

रोजनिशीही तपासूनच वाचावी लागते. आघाडीवर रोजनिशी ठेवणे नियमाला धरून नव्हते, कारण ती शत्रूच्या हाती पडण्याची भीती होती. त्यामुळे ती लपूनछपून, त्रोटक, कधी दोन-चार दिवसांनी एकदम लिहिलेली असते. एका आठवड्याच्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच वळणात असतील, तर त्यांतील तारखा थोड्या सैल धराव्यात. गेलेल्या सोबत्यांची नावे मात्र माणूस सहसा चुकवत नाही. पडताळणीसाठी बटालियनची अधिकृत युद्ध-दैनंदिनी लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येते. तिच्यात अधिकाऱ्यांची नावे येतात, जवान बहुतेक संख्येतच मोजलेले असतात. आजोबांच्या वहीचे मोल कळायला तेवढे एक पान पुरे. सेवेच्या नोंदीसाठी त्यांचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कळवून बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करावा; आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडूनही मार्गदर्शन मिळेल.

सांभाळण्याविषयी थोडक्यात : लॅमिनेशन, सेलोटेप आणि टाचण्या पूर्णपणे टाळाव्यात, प्रत्येक पत्राचे लिफाफ्यासह दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, आणि मूळ कागद आम्लमुक्त पाकिटात, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावेत. माळा ही ती जागा नव्हे.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. त्यांचे एकही पत्र घरात नाही. कोठे मिळू शकेल का?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : मूळ पत्र मिळण्याची आशा फार धरू नये. त्या युद्धातील भारतीय सैनिकांच्या पत्रांचे जे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ते मुख्यतः फ्रान्समधील सेन्सॉर कचेरीचे असून इंग्रजी भाषांतरातच उरले आहेत. पणजोबा सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये असतील आणि ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकले असतील, तर त्या महिन्यांत पत्र न येणे स्वाभाविकच होते; तेथील मराठा पलटणींचे उरलेले जवान नंतर तुर्कांच्या कैदेत गेले. ते परतले नसल्यास राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत बसरा स्मारकाखाली शोध घ्यावा. त्या स्मारकाच्या भिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत, म्हणून भिंतीच्या छायाचित्रांत न शोधता आयोगाच्या नोंदवहीतच पाहावे.