थोरल्या जाऊबाई आणि श्रेयाचा प्रश्न

प्रश्न : गौरींचा सगळा स्वयंपाक मी केला, तरी पाहुण्यांपुढे थोरल्या जाऊबाई तो आपलाच म्हणून सांगतात. मी बोलले की, ‘तू फार मनाला लावून घेतेस’ असे म्हणून त्या सासूबाईंसमोर रडतात. हा आत्मप्रौढीचा मनोविकार आहे का?

उत्तर : ताई, केवळ पत्रावरून असे निदान करता येत नाही, आणि घरच्यांनी तर ते मुळीच करू नये. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये हा विकार आपल्या वर्गीकरणात घेतला. सध्याच्या निकषांनुसार नऊपैकी किमान पाच लक्षणे दीर्घकाळ आणि आयुष्याच्या अनेक अंगांत दिसावी लागतात. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की जाऊबाई प्रत्येक वेळी विषय तुमच्या स्वभावाकडे वळवतात, तुम्ही खुलासे करत राहता आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. म्हणून ‘पुरणपोळ्या मी केल्या, पंगत तुम्ही सांभाळलीत’ एवढेच तिथल्या तिथे, आवाज न चढवता सांगा आणि थांबा. कामांची वाटणी सणाआधीच सर्वांसमोर ठरवा. यजमानांना मात्र आधी विश्वासात घ्या. एकटीने हे निभावणे खरोखर कठीण असते. झोप किंवा भूक बिघडली असेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.