नोकरी सोडून फुल टाइम स्टँडअप? आधी वहीतले आकडे बघू

पुण्याहून एका 27 वर्षांच्या मुलीने विचारलंय. आयटी कंपनीत टेस्टर, हातात 58,000, नोकरीला 4 वर्षं 5 महिने झालीत, गेले 18 महिने ऑफिस सुटलं की ओपन माइक (नवे कॉमिक जिथे थोडा वेळ जोक करून बघतात ते कार्यक्रम) करते, मराठी आणि हिंदी दोन्ही. शिल्लक 5 लाख 40 हजार, त्यातले 3 लाख 20 हजार एफडीत आणि बाकीचे म्युच्युअल फंडात. तिला पुढच्या महिन्यात राजीनामा टाकायचाय, 1 लाख 80 हजार खर्च करून तीन कॅमेऱ्यांनी स्वतःचा शो शूट करून घ्यायचाय, आणि मैत्रीण म्हणते की मन अर्धं नोकरीत असेल तर ते स्टेजवर दिसतं. प्रश्न एवढाच की "सर, पैसे वर्षभर पुरतील ना?"

सर वगैरे नको गं, दादा म्हण. आणि तू स्टँडअपच्या जमाखर्चाची वही ठेवून तिचे आकडे पाठवलेस याबद्दल आधी शाबासकी, माझ्याकडे पस्तीस-पस्तीस लाखांचं पॅकेज असलेले लोक येतात आणि महिन्याचा खर्च विचारला की छताकडे बघतात.

आता वहीच वाचू. 18 महिन्यांत 140 माइक, खर्च 61,000, म्हणजे महिन्याला साधारण 3,400, त्यात पेट्रोल, मुंबईच्या फेऱ्या, आणि जिथे स्पॉटसाठी म्हणजे स्टेजवरच्या मिनिटांसाठी कॉमिककडूनच पैसे घेतात तिथले पैसे. कमाई 47,500. पण त्यातले 30,000 दोनच शोचे आहेत, एका कंपनीच्या फॅमिली डेचे 22,000 आणि गणपतीतल्या एका सोसायटीचे 8,000. ते बाजूला काढले तर लाइनअप शो (एकाच शोमध्ये अनेक कॉमिक), होस्टिंग, तिकिटातला वाटा सगळं मिळून 17,500 उरतात, म्हणजे महिन्याला हजाराच्याही आत. हे कमी आहे म्हणून मी नाक मुरडत नाहीये, दीड वर्षात ज्याला त्याला एवढेही मिळत नाहीत. पण यावर घरभाडं निघत नाही हे तुलाही कळतंय.

खर्च बघ. भाड्यातला तुझा वाटा 11,000, आईबाबांना 10,000, खाणंपिणं आणि बाकी 12,000, स्कूटरचा हप्ता 3,900, झाले 36,900 (8,000 ची एसआयपी धरलीच नाही, ती तशीही बंद पडणार). फुल टाइम झालीस की फिरणं दुप्पट म्हणजे 7,000, आणि मेडिक्लेमचे महिन्याला निदान 1,100. एकूण 45,000. सगळी शिल्लक मोडली तर बरोब्बर 12 महिने, तुझं गणित चुकलेलं नाही. पण शूटचे 1 लाख 80 हजार त्यातूनच जाणार ना? मग राहिले 8 महिने. आणि नोकरी परत शोधायची वेळ आली तर शोधायला तीन-चार महिने हाताशी लागतात, म्हणजे खरं तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच तू स्टेजवर उभं राहून नोकरीच्या साइट्सचा विचार करत असशील. ते मन अर्धं नाही का होणार?

आता मला खरं जे विचारायचंय ते. नोकरी सोडून तुला नक्की काय मिळणार? माइक संध्याकाळी आठला, ऑफिस सकाळी दहाला. तुझी अडचण वेळ नाही ही नाहीये, स्पॉट मिळत नाहीत ही आहे, आणि राजीनामा दिला म्हणून होस्ट पाच मिनिटांची दहा मिनिटं करत नाही. दिवसभर घरी बसून जोक लिहीन म्हणशील, तर लिहिणं तू आत्ताही बसमध्ये करतेस असं तूच लिहिलंयस. एकच गोष्ट नोकरीमुळे खरंच अडते, ती म्हणजे मुंबई. खार, वांद्रे, अंधेरी पट्ट्यात एका रात्रीत दोन-तीन माइक होतात, पुण्यात ते नाही, आणि परत यायला डेक्कन क्वीन काही कामाची नाही, ती 5:10 लाच सीएसएमटीहून सुटते, तुझा माइक सुरूही झालेला नसतो. मग रात्रीची शिवनेरी, पहाटे घरी, दहाला लॉगिन. याने माणूस थकतोच. पण याला औषध राजीनामा नाही, मॅनेजरकडे आठवड्यातून दोन दिवस वर्क फ्रॉम होम माग, बुधवार-गुरुवार मुंबईत एखाद्या मैत्रिणीकडे राहा, तिला महिन्याचे तीन हजार दे. 3,000 मध्ये जे मिळतंय ते 58,000 सोडून कशाला घ्यायचं.

आणि तारीख चुकतेय तुझी. 5 वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, तुझं बेसिक 26,000, म्हणजे 26 ने भागून 15 ने गुणून पाच वर्षांचे निदान 75,000 होतात. सात महिने राहिलेत फक्त! (4 वर्षं 240 दिवसांत पण मिळते असं कुणीतरी सांगेल, त्यावर कंपनीशी वाद घालण्यापेक्षा पाच पूर्ण कर.) पीएफचं पण तेच, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, नंतर लागत नाही, अर्थात मी तर म्हणतो काढूच नकोस, तो आहे हेच विसरून जा. तर सात महिने थांबलीस, आत्ताचाच खर्च (36,900 अधिक माइकचे 3,400) ठेवलास, तर महिन्याला 17,700 मागे पडतात (एसआयपी धरून), सात महिन्यांचे 1,23,900, अधिक ग्रॅच्युइटी 75,000, शिल्लक होते 7,38,900. तोवर स्कूटरच्या बाकी नऊपैकी सात हप्ते फिटलेले, उरलेले दोन लगेच भरून टाकलेस की महिन्याचा खर्च 41,100 वर येतो. जवळजवळ 18 महिने! सात महिने थांबून सहा महिने जास्त मिळतायत, आणि या सात महिन्यांत माइक बंद नाहीयेत, चालूच आहेत.

शूट मात्र अजिबात नको. तुझ्याकडे 25 मिनिटं आहेत असं म्हणतेस, त्यातली खणखणीत किती, दहा? दहा मिनिटांसाठी तीन कॅमेरे म्हणजे साखरपुड्याला लग्नाचा हॉल. फोन, ट्रायपॉड, कॉलर माइक, आणि दर शोची क्लिप, पुरे. भाडिपासारख्या यूट्यूब चॅनेलवाल्यांनी मराठी स्टँडअपला लोक तिकीट काढून येतात हे दाखवून दिलंय, त्यामुळे मार्केट आहे, पण मार्केटला आधी तुझी दहा मिनिटं हवीत.

मैत्रिणीच्या बोलण्यावर एकच. व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार, शंकर पाटील गावोगाव कथाकथन करून लोकांना हसवून लोळवायचे, तेव्हा एक जण आकाशवाणीत, एक कॉलेजात शिकवायला, एक बालभारतीत. अर्धं मन कुणाला दिसलं होतं का?

घाई कशाची करायची असेल तर विम्याची कर. आईचं बीपी तुझ्या कंपनीच्या पॉलिसीत कव्हर आहे, नोकरी गेली की ते कव्हर गेलं, आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट होता येतं का ते सोडायच्या दोन महिने आधीच विचार, म्हणजे आधीची वर्षं मोजली जातात. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. शिवाय अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, बाहेरचं पैशाचं काम चालतं का, नसेल तर एचआरकडून मेलवर लिहून घे, उद्या रील व्हायरल झाली की सगळ्यात आधी तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर जाणारे. कंपन्यांनी 10 टक्के टीडीएस कापला असेल तर रिटर्नमध्ये दाखव, टॅक्स बसत नसेल तर तो परत मिळतो. जीएसटी नंबरची भीती नको, सर्व्हिसला 20 लाखांपर्यंत लागत नाही.

मग सोडायची कधी? माझा एक क्लायंट तबल्याची साथ करतो, तो म्हणतो आम्ही महिने नाही मोजत, सीझन मोजतो. तुझंही तसंच, गणपती, दिवाळी, डिसेंबर, 8 मार्च, यांच्यात कॉर्पोरेट आणि सोसायट्यांचे शो, बाकी पावसाळा कोरडा, आणि कॉर्पोरेटचं बिल पण दीड-दोन महिन्यांनी पास होतं. म्हणून एक अख्खा सीझन नोकरीत राहून काढ, गणपती ते मार्च, आणि त्यात सरासरी महिन्याला 20,000 आले, पैकी निदान निम्मे वेगवेगळ्या लोकांकडून, तर खुशाल टाक राजीनामा, मी स्वतः पहिल्या रांगेचं तिकीट काढीन. नाही आले तर अजून एक सीझन, आभाळ कोसळत नाही.

आणि हो, त्या सोसायटीने 12,000 ठरवून 8,000 च दिले असं लिहिलंयस. उरलेल्या चार हजारांसाठी आजच सेक्रेटरीला फोन कर, यंदाची कमिटी बदलायच्या आत.