घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवू नकोस

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

न्यूझीलंडमधील बालशिक्षणाच्या पदविकेसाठी तू लिहिलेले निवेदन मी तीन वेळा वाचले. इंग्रजी निर्दोष आहे, बालवयाचे महत्त्व सांगणारी वाक्ये बरोबर आहेत, आणि तरीही त्यात तू कुठेच दिसत नाहीस. सोबतच्या पत्रात मात्र तू ओझरते लिहितेस की तुझी आई अकोले तालुक्यात १९ वर्षे अंगणवाडी सेविका आहे आणि प्रत्येक सुट्टीत तू तिच्याबरोबर मुले सांभाळलीस. आणि लगेच विचारतेस, ‘हे आणि माझे मराठी माध्यम निवेदनात लिहिले तर वाईट दिसेल का?’ हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे. शुल्क आणि निवासाचा परवाना यांविषयीचे तुझे प्रश्न रास्त आहेत, पण परवान्याचे नियम आणि व्यवसायांच्या याद्या सतत बदलतात; त्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाच, एजंटाच्या शब्दावर कर्ज काढू नकोस. माझे सांगणे वेगळे आहे. घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून तिथल्या मुलांमध्ये जाऊ नकोस.

मी तिथे शिकायला तशीच गेले होते. पहिल्याच आठवड्यात आम्हाला माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, पद्धतीने स्वतःची ओळख करून द्यायची होती. तिला पेपेहा म्हणतात: आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग आपली माणसे, आणि स्वतःचे नाव सगळ्यांत शेवटी. मी त्र्यंबकच्या पंचक्रोशीत वाढले. ब्रह्मगिरी आमच्या अंगणातून दिसतो, आणि गोदावरी तिथेच उगम पावते. असे असताना मी शेजारच्या मुलीच्या कागदावरून ऑकलंडमधल्या एका टेकडीचे नाव उतरवून घेतले, कारण आपली नावे इथे कुणाला कळणार, असे मला वाटले. तुझ्याजवळ कळसूबाई आहे, प्रवरा आहे. तू उसना डोंगर सांगू नकोस.

तिथला बालशिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम ‘ते फारिकी’ १९९६ साली आला आणि २०१७ साली सुधारून निघाला. फारिकी म्हणजे विणलेली चटई. चार तत्त्वे आणि पाच धागे घेऊन प्रत्येक बालशिक्षण केंद्राने आपल्या मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना साजेशी चटई विणावी, अशी ती कल्पना आहे, आणि ‘आपलेपणा’ हा त्या पाचांपैकी एक धागा आहे. हा आपलेपणा कशाने येतो, हे त्या देशाला पोळल्यावर कळले. एके काळी शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. पुढे घराघरांतून ती भाषा ओसरली. तेव्हा १९८२ साली माओरी समाजाने ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली, जिथे लहानगी मुले वडीलधाऱ्यांच्या सहवासात माओरीच ऐकत वाढतात. भाषा वाचवायला त्यांनी सुरुवात केली ती रांगत्या मुलांपासून. हे सगळे मी पाठ केले, निबंधात उत्तम रीतीने लिहिले, चांगले गुणही मिळवले. आणि मग प्रात्यक्षिकात माझ्या हातून जे झाले ते सांगते.

दुसऱ्या प्रात्यक्षिकाच्या वेळी केंद्रात अडीच वर्षांचा एक मराठी मुलगा नव्याने दाखल झाला. अंगात निळा रेनकोट, बटणे गळ्यापर्यंत लावलेली. आई गेल्यावर तो कुंपणाच्या जाळीत बोटे अडकवून उभा राहिला. बऱ्याच वेळाने वळून माझ्याकडे पाहत म्हणाला, ‘शू आली.’ माझे मूल्यमापन करणारी असोसिएट टीचर चार पावलांवर वही घेऊन उभी होती. मी गुडघ्यांवर बसले आणि त्याला इंग्रजीत विचारले, टॉयलेटला जायचे आहे का? तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. पुन्हा म्हणाला, ‘शू आली,’ या वेळी अगदी हळू. मी पुन्हा इंग्रजीतच बोलले आणि हात पुढे केला, पण त्याने जाळी सोडली नाही. मग त्याची पँट भिजली, मोजे भिजले, आणि तो रडलासुद्धा नाही. कपडे बदलून झाल्यावर त्या शिक्षिकेने मला विचारले, तो काय म्हणत होता? मी सांगितले. ती म्हणाली, ‘म्हणजे तुला कळले होते?’

मी निर्दय नव्हते. आधीच्या प्रात्यक्षिकात दुसऱ्या एका केंद्राच्या व्यवस्थापिकेने मुलांसमोर फक्त इंग्रजी बोलायचे, असे मला बजावले होते. प्रात्यक्षिकात नापास झाले असते तर ते पुन्हा करावे लागले असते, पुन्हा शुल्क भरावे लागले असते, आणि वडिलांनी शेत तारण ठेवून काढलेले कर्ज डोक्यावर होते. ही कारणे खरी आहेत आणि मी ती आजही मांडते. पण जाळी धरून उभ्या असलेल्या त्या मुलाला त्यांतले एकही सांगता आले नसते. त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. नवे मूल येणार असे कळले की मी त्याच्या आईवडिलांकडून त्यांच्या भाषेतले दहा शब्द लिहून घेते: पाणी, भूक, शू, झोप, दुखते आहे, आई येईल. मूल दारात येण्याआधी ते पाठ करते. या हट्टापायी मी दोन नोकऱ्या सोडल्या. सहकाऱ्यांनी मला आडमुठी म्हटले, नवऱ्याने समजावून पाहिले. मी चुकले असे मला वाटत नाही.

म्हणून तुझा तो प्रश्न वाचून मला राग आला. तू जे झाकते आहेस ते काय आहे, याची तुला जाणीव आहे का? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला. मुलाच्या घराला धरून त्याचे शिक्षण उभे करायचे, हे मी परदेशात शुल्क भरून शिकले, आणि तुझी आई ते रोज करते. ते वाईट दिसणार नाही, पोरी. तुझ्या निवेदनात दाखवण्याजोगे तेवढेच आहे.

तुझे मामा याला ‘परदेशात जाऊन आयाचे काम’ म्हणतात, ते मनाला लावून घेऊ नकोस, पण काम कष्टाचे आहे हे मात्र समजून घे. दिवसभराच्या केंद्रात दोन वर्षांखालील पाच मुलांमागे निदान एक मोठे माणूस असावे लागते, आणि दोन वर्षांवरील वीस मुलांमागे दोन. दिवस जमिनीवर बसण्यात, लंगोट बदलण्यात आणि पावसात चिखल खेळणाऱ्या मुलांमागे उभे राहण्यात जातो. शिक्षक म्हणून नोंदणी टीचिंग कौन्सिल या तिथल्या शिक्षक परिषदेकडे होते, आणि तिथे इंग्रजीची अट कडक आहे. आयईएल्टीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण लागतात. त्याची तयारी मन लावून कर. इंग्रजी उत्तम यायलाच हवे. मात्र ते शिकण्यासाठी मराठी झाकावी लागत नाही, आणि जिने स्वतःची भाषा झाकली ती दुसऱ्याच्या मुलाची भाषा वर्गात आणू शकत नाही. मी वर्षभर तसा प्रयत्न केला, म्हणून सांगते.

निवेदन नव्याने लिही. पहिल्या परिच्छेदात आईची अंगणवाडी येऊ दे: खोली केवढी, मुले किती, भिंतीवर काय, तू कोणती गाणी म्हणायचीस. तुमच्याकडे ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांवरची मुले येतात, असे तूच लिहिले आहेस. घर सोडून पहिल्यांदा आलेले त्यांतले एखादे मूल आठवडाभर रडत राहिले, तर त्याच्याशी काय बोलतेस, असे आज रात्री आईला विचार. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, प्रमाण मराठीत न बदलता, रविवारपर्यंत मला पाठव. इंग्रजी आपण नंतर पाहू.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी