पाठ केलेलं पेपरमध्ये आठवत नाही, मेमरी वीक आहे का?

परीक्षा जवळ आल्या की हा प्रश्न हमखास येतो. मूल तासन्‌तास पाठ करतं, घरी घडाघडा म्हणून दाखवतं आणि पेपर समोर आला की सगळं ब्लँक, मग आईबाबा विचारतात मॅडम ब्राह्मी वगैरे काही सुरू करू का. बहुतेक वेळा मेमरी ठणठणीत असते हो. एक केस सांगते, ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब. मुलगी दहावीत, गणितात एकदम हुशार, पण एपी वर्ल्ड हिस्टरी (म्हणजे शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या लेव्हलचा जगाच्या इतिहासाचा कोर्स) घेतली आणि 1450 ते 1750 च्या साम्राज्यांवर गाडी अडली. तुर्कस्तानचे ऑटोमन, इराणचे सफाविद, मुघल, रशियाचे रोमानोव्ह, त्यात युरोपातली धर्माची भांडणं, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ काढणारे ल्यूथर, कॅल्विन आणि त्यांना उत्तर द्यायला कॅथलिक चर्चने भरवलेली ट्रेंटची परिषद, सगळ्याची फ्लॅशकार्ड्स करून ठेवलेली, ही मोठी थप्पी, चार रंगांच्या पेनांनी. व्हिडिओ कॉलवर म्हटलं कुठलंही एक कार्ड घे. "देवशिर्मे, ऑटोमन लोक ख्रिश्चन मुलं घेऊन जायचे आणि त्यांना जॅनिसरी, म्हणजे सुलतानाच्या खास फौजेतले सैनिक करायचे", एका दमात. मी म्हटलं, अगं पण आपल्याच सरदारांची मुलं सोडून ही परकी पोरं कशाला? गप्प. कार्ड उलटसुलट करून बघितलं, त्यावर ते लिहिलेलंच नव्हतं!

खरी गोम इथेच होती. तीच तीच कार्डं वाचून ओळखीची वाटायला लागतात आणि आपल्याला वाटतं झालं पाठ. पण पेपर विचारतो का आणि कसं, त्याची प्रॅक्टिस शून्य.

मग त्या एकाच कार्डावर आम्ही बराच वेळ घालवला. बाल्कनमधल्या गावातून उचललेलं पोरगं, धर्म बदललेला, पाठीशी ना जमीन ना घराणं, जे काही मिळणार ते सुलतानाकडून, मग हा बंड करणार कुणाच्या जीवावर? सोकोल्लू मेहमद पाशा असाच बोस्नियातून नेलेला मुलगा, 1565 ला थेट ग्रँड वझीर, म्हणजे सुलतानाचा मुख्य प्रधान झाला आणि 1579 ला खून होईपर्यंत त्या जागेवर राहिला. हे ऐकल्यावर बाईसाहेब खुर्चीत सरळ बसल्या. "वेट, म्हणजे फ्रान्सच्या चौदाव्या लुईने सरदारांना व्हर्सायच्या राजवाड्यात आपल्या डोळ्यासमोर ठेवलं ते पण याच्यासाठीच?" हो की! आणि मुघल मनसबदारांच्या जहागिरी सारख्या बदलायचे, कुणी एका जागी मूळ धरू नये म्हणून, ते पण तिनेच जोडलं.

तिला म्हटलं, आता जमिनीवर दोन ढीग कर. एकात राजा बलाढ्य लोकांना काबूत कसं ठेवतो ते, दुसऱ्यात प्रजेचा धर्म वेगळा असला तर काय करतो ते. दुसरा ढीग भलताच रंगला. जर्मनीतला ऑग्सबर्गचा तह 1555, ज्याचं राज्य त्याचा धर्म, पण चॉइस फक्त कॅथलिक किंवा ल्यूथरन, कॅल्विनवाले बाहेरच. फ्रान्समध्ये 1598 ला नांतच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना सवलती, लुईने 1685 ला ते रद्द केलं. अकबराने 1564 ला जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर काढून टाकला, औरंगजेबाने 1679 ला परत लावला. "मावशी, औरंगजेब आणि लुई, दोघांत सहाच वर्षांचा फरक आहे!" आता ही सनावळी ती विसरेल असं मला नाही वाटत.

तेवढ्यात मागून आई बोलली, आमची कुलदेवी शांतादुर्गा मूळची गोव्यातल्या केळशीची, पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा देवी फोंड्याजवळ कवळ्याला हलवली. मुलीला हे माहीतच नव्हतं, कवळ्याला दोनदा जाऊन आलेली तरी. गोव्यात इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) 1560 चं, म्हणजे ऑग्सबर्गनंतर पाचच वर्षांनी. त्या ढिगात हातानं लिहिलेलं एक मराठी कार्ड वाढलं.

आईला मी एकच काम दिलं. रोज रात्री व्याख्या म्हणून घेता ना ताई, ते बंद करा, एक कार्ड उचलायचं आणि "त्याने असं का केलं असेल" एवढंच विचारायचं, उत्तर चुकलं तरी चालेल, कार्ड मात्र पालथं हवं. पहिले काही दिवस दोघींची चिडचिड झाली (आईला स्वतःला उत्तर येत नव्हतं ना!) मग जमलं.

मात्र सगळ्याच विषयांत असं ब्लँक होत असेल, झोप उडाली असेल, पेपरच्या सकाळी उलट्या, छातीत धडधड असं काही असेल तर हे कार्डांचे ढीग पुरणार नाहीत. तिथे आधी भीतीवर काम करावं लागतं, त्यासाठी वेळेत कुणाला तरी दाखवा.